सत्तेचाळीस सेंटिमीटर

"आज किती चालला, वायचळ?" डॉक्टर वैरागडे बाईंनी ताटावरची नजर न काढता विचारलं.

"सत्तेचाळीस," मी म्हणालो.

"काल?"

"सेहेचाळीस."

"आणि परवा?"

"अठ्ठेचाळीस."

बाईंनी चमचा खाली ठेवला आणि तंबूतल्या आम्हा तिघांकडं, म्हणजे मी, स्वयंपाकी बाबी कुबल आणि गाडी चालवणारा थंगराज यांच्याकडं, आळीपाळीनं पाहिलं. "याला म्हणतात मोजणी! पंधरा वर्षं झाली मी बर्फावर येऊन राहिली, आधी हिमालयात, मग इथं, इतके स्वच्छ आकडे कोणी आणून दिले नाहीत मला. कुबल, वायचळांना अजून एक मासा वाढा."

कुबलनं मासा वाढला. पण वाढताना झारा माझ्या ताटावर जरा जास्तच वेळ थांबला. "सत्तेचाळीस?" तो पुटपुटला. "आज तर अष्टमी."

अष्टमीचा आणि बर्फाचा काय संबंध, हे मला तेव्हा कळलं नाही. मी मान खाली घालून मासा खाल्ला. त्याची चव लागली नाही, एवढं मात्र आठवतं.

एक्याण्णव सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. मी बार्शीचा. तालुक्याच्या कचेरीत बावीस वर्षं सर्व्हेअर म्हणून जमिनी मोजल्या. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो अंटार्क्टिकाच्या बोटीत चढताना, आणि नंतरचा महिनाभर तो मी बहुतेक बादलीत तोंड घालूनच ऐकला. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेला सर्व्हेअर हवा, असं पत्र आलं तेव्हा कचेरीत कुणीच पुढं झालं नाही. मी अर्ज केला. आमच्या हेडक्लार्कनं घाईघाईत 'दक्षिण सोलापूर' असं वाचलं आणि शिफारस करून टाकली.

वैरागडे बाई बर्फाच्या शास्त्रज्ञ आणि आमच्या तुकडीच्या प्रमुख. माझं काम साधं होतं. तिकडं जमिनीवरचा बर्फ हळूहळू घसरत समुद्राकडं येतो. किनाऱ्याला पोचला की तो लगेच तुटत नाही, तसाच पुढं पाण्यावर तरंगत जातो. दोनशे मीटर जाड आणि एवढा लांबरुंद, की अख्खा बार्शी तालुका त्यावर ठेवला तरी कडेला गुरं चारायला जागा उरेल. जिथं तो जमीन सोडून तरंगायला लागतो, तिथंच एका काळ्या खडकाच्या टेकाडाशेजारी आमचे चार तंबू होते. बर्फात पाच बांबू रोवलेले, त्यांना लाल फडकी. रोज सकाळी नऊ वाजता मी खडकावर चढायचो, यंत्र लावायचो आणि कालपासून आजपर्यंत बांबू किती पुढं गेले ते मोजायचो. खडक हलत नाही, बर्फ हलतो. हिशेब सरळ.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला बजावलं होतं, "हे पहा वायचळ, बर्फाला घाई नसते आणि तो दमतही नाही. एका चालीनं जातो. आकडे उड्या मारायला लागले, तर चूक बर्फाची नसते, माणसाची असते."

आणि माझे आकडे उड्या मारायला लागले.

पहिल्या दिवशी सत्तेचाळीस सेंटिमीटर. मग एकोणपन्नास, बावन्न, पंचावन्न, अठ्ठावन्न. मला वाटलं, यंत्र कलंडलंय. उतरवून पुन्हा लावलं. काचा पुसल्या. मग आकडे खाली यायला लागले ते थेट छत्तीसपर्यंत. पेंग्विन बांबूंना धक्के मारत असतील असा मला संशय आला आणि एक अख्खी दुपार मी दबा धरून बसलो. एक पेंग्विन आला. त्यानं मला नीट न्याहाळलं, आणि हा माणूस कामाचा नाही असं ठरवून निघून गेला. मग थंगराजच्या गाडीवर संशय घेतला. मग स्वतःच्या चष्म्यावर. मग सेहेचाळीस वर्षांच्या वयावर.

बार्शी भागात एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ मी रोवलेला हद्दीचा दगड मुकाट मान्य करायचे. 'वायचळांचा दगड' म्हटलं की पुढं बोलणं नाही. आणि इथं मी, भाऊबंदकी नसलेल्या जागेत, पाच बांबू धड मोजू शकत नव्हतो.

सर्व्हेअरकडं दोन वह्या असतात. जाग्यावर पेन्सिलीनं लिहायची ती कच्ची, आणि तंबूत बसून शाईनं उतरवायची ती पक्की. बाई फक्त पक्की बघायच्या. एका सकाळी कच्च्या वहीत त्रेपन्न होते आणि पक्क्या वहीत माझ्या हातानं सत्तेचाळीस लिहिले गेले. नुसती सरासरी, असं मी मनाला सांगितलं. पण एकदा सत्तेचाळीस लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी पंचावन्न कसे लिहिणार? बाईंनी वही अजून एकदाही मागितली नव्हती, म्हणून मागचे आकडेही मी बदलून नव्या वहीत उतरवले. रोज सत्तेचाळीस दिसलं तर बाईंना शंका येईल, म्हणून मधूनच एखादा सेंटिमीटर काढायचो, एखादा घालायचो. रविवारी थोडा कमी लिहायचो. का, ते मलाही सांगता येणार नाही.

अष्टमीच्या त्या जेवणानंतर दुसऱ्या सकाळी कुबल चहाचा थर्मास घेऊन खडकावर आला. तो मालवणचा. बाप, आजा मासेमारीतले, हा बोटीवर स्वयंपाकी झालेला. खडक आणि बर्फ यांच्यामध्ये हातभर रुंदीची एक भेग होती आणि तिच्यात खाली समुद्राचं काळं पाणी दिसायचं. कुबल तिच्यात गरी टाकून बसायचा. आम्ही खात होतो ते मासे त्या भेगेतले.

"सायबांनू, खरा सांगा," तो म्हणाला. "काल बरफ सत्तेचाळीस चललो?"

"चालला की."

"नाय चललो."

"तुम्हाला काय माहीत? यंत्र तुमच्याकडं आहे का माझ्याकडं?"

"माझ्याकडे भेग आसा." त्यानं कपात चहा ओतला. "काल भेगेतला पाणी वीतभर हलला नाय. भांगाचा पाणी ता, अष्टमी-नवमीचा. त्येका जोर नसता. ता एवढ्या बरफाक काय उचलतला? पुनव झाली की मगे दोन दिवसांनी बघा. पाणी कमरेइतक्या चढता आणि उतरता, भेग कुरकुर करता. तेव्हा चलता तुमचो बरफ. होडी वाळूत रुतली तर चार माणसांनी ढकलून हलत नाय. खाली पाणी इला की एका हातान जाता."

मी त्याला सांगितलं की कणीक भिजवायला उशीर होतोय.

पण जेवणाआधी मीठ मागायच्या निमित्तानं मी स्वयंपाकाच्या तंबूत गेलो. तिथं खिळ्याला मराठी कॅलेंडर लटकवलेलं होतं, तिथ्यांसकट. कुबल बाहेर भांडी घासत होता. मी खिशातून कच्ची वही काढली आणि एकेक दिवस ताडून पाहिला. अठ्ठावन्न आलेला दिवस पौर्णिमेनंतर दुसरा. छत्तीसचा दिवस अष्टमीनंतरचा. पुढं अमावास्या आली, की दोन दिवसांनी पुन्हा छप्पन्न. महिन्याचं पान माझ्या आकड्यांबरोबर चढत होतं आणि उतरत होतं.

यंत्र ठीक होतं. चष्मा ठीक होता. पेंग्विन निर्दोष होता. बावीस वर्षांत मी चुका केल्या नव्हत्या असं नाही, पण इतकं बरोबर असून इतकं चुकायची ही पहिलीच वेळ.

"मीठ गावला?" कुबलनं बाहेरून विचारलं.

"गावलं," मी म्हणालो, आणि मीठ न घेताच बाहेर पडलो.

त्याच संध्याकाळी कुबलनं जेवताना बाईंपुढं विषय काढला. भेग, भांग, उधाण, होडी, सगळं नीट सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. माणूस म्हणून त्या चांगल्याच होत्या, फक्त बर्फाच्या बाबतीत त्यांना दुसऱ्याचं पटकन पटायचं नाही.

"भरतीनं बर्फ वर जातो, ओहोटीनं खाली येतो, हे मला माहीत आहे, कुबल," त्या म्हणाल्या. "लिफ्टसारखा. पण लिफ्ट वर-खाली झाली म्हणून इमारत पुढं सरकते का?"

"माका इमारतीतला कळत नाय. पण सरकता."

"वायचळ, ती वही द्या बरं."

मी पक्की वही दिली. बाईंनी ती कुबलपुढं उघडून ठेवली. "सत्तावीस दिवस. पंचेचाळीसच्या खाली नाही, एकोणपन्नासच्या वर नाही. यात तुमची अष्टमी कुठं आहे? दाखवा."

कुबलनं हात पुसले, बोट ठेवून सगळी पानं पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. "वायचळ सायब, तुमीच सांगा. तुमी रोज बघतास."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मराठीतलं ओ की ठो न कळणारा थंगराजसुद्धा.

"आकडे," मी म्हणालो, "आकडे... आहेत तसे आहेत."

कुबलनं वही मिटली. "मगे समुद्राचाच कायतरी चुकला असतला," तो म्हणाला आणि ताटं गोळा करायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून खिचडी सुरू झाली. सकाळी खिचडी, दुपारी खिचडी, संध्याकाळी खिचडी. लोणचं नाही, पापड नाही, मासा तर नाहीच. बाईंनी कारण विचारलं तेव्हा कुबल फार अदबीनं म्हणाला, "जेवाण आता एका चालीनं." भेगेकडंही तो फिरकेना. अष्टमी-पुनवेत फरकच नाही म्हटल्यावर गरी कधी टाकायची, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी थंगराजनं मला बाजूला घेऊन मोडक्या हिंदीत विचारलं, की कुबलच्या घरी कोणी गेलंय का.

खिचडीचं मला काही नव्हतं. पण कुबल माझ्याशी बोलत नव्हता आणि वाढताना माझ्या ताटात सगळ्यांपेक्षा चमचाभर जास्तच वाढत होता. त्याचा मला फार त्रास झाला.

शनिवारी वायरलेसवरून बोटीला अहवाल जायचा होता, तिथून पुढं देशात. सकाळीच बाईंनी मला बोलावलं आणि मसुदा वाचून दाखवला. पहिली ओळ, बर्फाचा प्रवाह स्थिर असून भरती-ओहोटीचा त्यावर परिणाम नाही. मग मधला मजकूर. आणि शेवटची ओळ, सर्व्हेअर वायचळ यांच्या अत्यंत अचूक कामाची विशेष नोंद घ्यावी.

बावीस वर्षांच्या नोकरीत माझी विशेष नोंद कोणी घेतली नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "शेवटची ओळ काढा."

"काहून? लाजता काय?"

"आणि पहिलीही काढा."

"मधला सगळा मजकूर पहिल्या ओळीवर उभा आहे, वायचळ. मग उरलं काय?"

"तारीख," मी म्हणालो, आणि कोटाच्या आतल्या खिशातून कच्ची वही काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी वही उघडली. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग पक्की वही शेजारी ओढली.

"हे अठ्ठावन्न?"

"खरे."

"हे छत्तीस?"

"तेही खरे."

"आणि हे सत्तेचाळीस?"

"ते माझे."

"किती दिवस झाले, हे करून राहिले तुम्ही?"

"तिसऱ्या आठवड्यापासून. मागचे तेव्हाच बदलले."

बाईंचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. मी उभ्यानंच वाट पाहिली. "अहो, चुकीचे आकडे लपवणारी माणसं मी पाहिली," शेवटी त्या ओरडल्या. "बरोबर आकडे लपवणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही! कुबल! ओ कुबल! ते कॅलेंडर घेऊन या इकडं. खिळ्यासकट आणा!"

कुबल कॅलेंडर घेऊन आला. खिळा नव्हता आणला, त्याबद्दल माफी मागितली. मग तो आणि बाई आलेखाच्या कागदावर डोकी एकत्र करून बसले. मी आकडा वाचायचो, कुबल तिथी सांगायचा, बाई ठिपका द्यायच्या. दुपार झाली तेव्हा कागदावर डोंगर, दरी, डोंगर असं उभं राहिलं होतं. प्रत्येक डोंगराचं टोक चंद्रापासून दोन दिवस पुढं.

"पण का?" बाई स्वतःशीच बोलत होत्या. "भरतीला सुटेल, ओहोटीला अडकेल. मग बेरीज तीच यायला पाहिजे नं. उधाणात जास्त का?"

"सुटता तेव्हा धावता," कुबल म्हणाला. "अडाकता तेव्हा नुसतो थांबता. मागे खय येता?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "कडेला खडक, खाली समुद्रतळावरचे उंचवटे, यांनी धरून ठेवलेला असतो तो. उधाणात पकड जास्त सैल होते. जितका पुढं पळतो तितका मागं येत नाही. बाप्पा! एवढं साधं?"

"साधा नाय," कुबल म्हणाला. "गरी टाकून बसूचा लागता."

आणि तो गरी घेऊन भेगेकडं निघून गेला. महिन्याभरात ऐकलं नव्हतं इतकं मोठ्यानं गात होता.

मला वाटलं, आता माझी पाळी. पण बाईंनी आलेखाचा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, "वायचळ, तीन वर्षांपूर्वी याच खडकावर माझ्याबरोबर एक सर्व्हेअर होता. नरहर चौसाळकर. अंबाजोगाईचा. त्यानं असेच आकडे आणले होते."

"असेच?"

"वर-खाली, वर-खाली. मी त्याला पुन्हा मोजायला लावलं. चारदा. चारही वेळा त्यानं तेच आणले. शेवटी म्हणाला, बाई, बर्फ असाच चालतोय, मी काय करू? मी अहवालात लिहिलं, मोजणीच्या कामास अपात्र." त्यांनी आलेखाचा कागद उलटा करून ठेवला. "नंतर त्याला कोणी कुठं घेतलं नाही. त्यानं ती नोकरीच सोडली, असं ऐकलं."

"मला हे आधी माहीत असतं तर..." मी म्हणालो.

"तर काय?"

मी खरं ते सांगितलं. "तर मी आणखी नीट खोटं लिहिलं असतं."

बाई हसल्या. चष्मा काढून, डोळे पुसत, पण हसल्या.

त्या संध्याकाळी तळलेले मासे होते. सगळ्यांना दोन दोन, मला अर्धा, तोही शेपटीकडचा. "उरलेलो अर्धो उद्या," कुबल म्हणाला. "वही बघून."

अहवाल तीन दिवस उशिरा गेला. त्यात तिथी आणि पाण्याच्या नोंदी बाबी कुबल यांच्या, असं बाईंनी स्वच्छ लिहिलं. माझ्याबद्दलचं वाक्यही बदललं. 'सर्व्हेअर वायचळ यांनी पक्क्या वहीत आकडे बदलले. कच्च्या वहीत बदलले नाहीत.' हे वाक्य माझ्या सेवापुस्तकात चिकटलं ते मी निवृत्त होईपर्यंत. ते निंदा आहे का स्तुती, हे कुठल्याच साहेबाला ठरवता आलं नाही, त्यामुळं मला बढतीही मिळाली नाही आणि शिक्षाही झाली नाही.

बोट परत आली तेव्हा धक्क्यावर बाईंनी मला एक बंद पाकीट दिलं. वर चौसाळकरांचं नाव. "टपालानं पाठवायचं नाही," त्या म्हणाल्या. "हातात द्यायचं. मी जायला पाहिजे, ते मला कळतं. मीही जाईन. पण आधी हे जाऊ दे. आणि ते तुम्हीच न्यायचं."

अंबाजोगाईला मी एका रविवारी पोचलो. चौसाळकर एका शाळेत चित्रकला शिकवत होते. दार त्यांनीच उघडलं. किडकिडीत माणूस, बोटांना खडूचे रंग. मी कोण, कुठून आलो ते सांगितलं. त्यांच्या पत्नी शालनबाईंनी चहा आणला. चौसाळकरांनी पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

"जास्तीत जास्त किती आले तुमचे?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"माझे साठ होते. कमीत कमी?"

"छत्तीस."

"माझे सदतीस." ते थोडा वेळ पत्राच्या घडीवरून बोट फिरवत राहिले. "कशानं होतं ते कळलं का हो?"

"भरतीनं. चंद्राच्या मागं दोन दिवस."

"चंद्र?" ते म्हणाले. "आणि मी यंत्राचे स्क्रू पिळत बसलो की ओ!" मग आत तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलंस का? माझं चुकलं नव्हतं!"

"मी कधी म्हटलं चुकलं म्हणून?" आतून आवाज आला. "तुम्हीच म्हणत होता. तीन वर्षं."

मग ते माझ्याकडं वळले. "तुम्हाला पण चारदा मोजायला लावलं का? बोटं बधिर व्हायची माझी. यंत्राला हात चिकटायचा."

मी कप खाली ठेवला. हे सांगायला लागेल हे मला बार्शीहून निघतानाच माहीत होतं, तरी वाटेत प्रत्येक थांब्यावर मी उतरून परत जायचा विचार केला होता. मी सगळं सांगितलं. पक्की वही, रविवारचा कमी आकडा, खिचडी, सगळं.

चौसाळकर ऐकत राहिले. "म्हणजे मी खरं लिहून घरी बसलो," ते म्हणाले, "आणि तुम्ही तंबूत बसून लिहिलं?"

"तंबूत बसून."

"शेगडीजवळ?"

"शेगडीजवळ."

ते उठले. मला वाटलं, दार दाखवतायत. ते कपाटाकडं गेले आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वही घेऊन आले. त्यांची कच्ची वही. माझ्याकडं माझ्या आकड्यांची नक्कल होतीच. आम्ही दोघं जमिनीवर बसलो, दोन्ही वह्या उघडल्या आणि एकेक ओळ लावायला लागलो. दुसऱ्या पानावरच भांडण झालं. दोन सेंटिमीटरचा फरक का, यावर. ते म्हणाले तुमचा बांबू कलला असेल. मी म्हणालो, कलला असेल तर तुमचा. बार्शीची शेवटची गाडी गेली तेव्हा आम्ही चौथ्या बांबूवर होतो.

शालनबाईंनी तीन ताटं वाढून ठेवली होती. दोनदा हाक मारून झाली. तिसऱ्यांदा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, आधी जेवून घ्या," त्या म्हणाल्या. "बर्फ काय कुठं पळून चाललाय का?"

आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली आणि त्यांना सांगितलं, की हो, चाललाय.